सवलतीचे खरेदीखत

मनुष्य धर्म बदलतो, पक्ष बदलतो, प्रसंगी आडनावदेखील बदलतो. परंतु अमुक ठिकाणी सवलत मिळते आहे अशी वार्ता कानी आली असता त्याच्या मुद्रेवर जो निर्मळ, बालसुलभ आनंद उमटतो, त्यात युगानुयुगे काडीइतकाही फरक पडलेला नाही. श्रीमंत असो वा दरिद्री, विद्वान असो वा अक्षरशत्रू, सवलतीपुढे सारे सारखे. ज्या समतेसाठी थोर पुरुषांनी आपली आयुष्ये झिजविली, ती याचि देही पाहावयाची असेल तर कोणत्याही आरक्षणाच्या खिडकीपुढे जाऊन उभे राहावे. मात्र विधात्याने मनुष्याच्या कर्णेंद्रियाची घडण अशा चातुर्याने केली आहे की, ‘वीस टक्के सूट’ एवढी अक्षरे आत शिरताच ते द्वार आपोआप मिटते, आणि त्यांच्यामागोमाग येणारी अटींची, शर्तींची व अपवादांची वरात उंबरठ्याबाहेरच ताटकळत राहते. ही वरात पुढे केव्हातरी आत येतेच. पण ती बहुधा अशा मुहूर्तावर येते की, त्या वेळी यजमानांचा प्रवासाचा बेत बदललेला असतो आणि पैसे मात्र रेल्वेच्या खजिन्यात रीतसर जमा झालेले असतात.

या मनुष्यस्वभावाचे अवलोकन करण्यास आमचे म्हैसूर शहर फार सोयीचे आहे. येथील रेल्वे स्टेशनालगत जो प्रशस्त मार्ग जातो, त्याला झांशी लक्ष्मीबाई रस्ता असे नाव आहे. ज्या वीरांगनेने एकदा केलेला निश्चय प्राणांतीही सोडला नाही, तिच्या नावाच्या रस्त्याने आम्ही मराठी गृहस्थ आपला ठरलेला बेत बदलून घेण्यासाठी आरक्षण कार्यालयाकडे जात असतो, आणि यात काही विसंगती आहे असे आम्हांपैकी कोणालाही आजवर वाटलेले नाही. कोणी नोटा छापण्याच्या कारखान्यात, कोणी अन्नतंत्र संशोधन संस्थेत, कोणी बँकेत, तर अलीकडे कोणी संगणकाच्या कंपनीत चाकरीनिमित्त येथे आलेला असतो. शिधापत्रिकेवरचा पत्ता म्हैसूरचा आणि जिव्हाळ्याचा पत्ता मिरजेचा, पुण्याचा, सोलापूरचा किंवा बेळगावचा, अशी आमची दुहेरी वहिवाट असल्यामुळे, वर्षातून निदान एकदा तरी रेल्वेच्या नियमावलीशी आमचा संबंध आल्यावाचून राहत नाही.

तशा गाड्यांची वाण नाही. बेळगावास जाणारी विश्वमानव एक्सप्रेस येथूनच सुटते. कन्नड कवी कुवेंपूंनी मानवमात्राला दिलेले हे उदात्त नाव धारण करणाऱ्या गाडीतही प्रतीक्षा यादीवरील मानवास बसावयास जागा मिळत नाही, ही गोष्ट वेगळी. गोलघुमट एक्सप्रेस विजापुरावरून थेट पंढरपुरास पोचते, म्हणजे म्हैसूरच्या चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी निद्राधीन झालेला भाविक उठतो तो विठोबाच्या वाटेवर. अजमेरची गाडी मिरज-पुणे करीत जाते. या गाड्यांच्या भरवशावर येथील मराठी कुटुंबांचा एक जुना शिरस्ता चालत आलेला आहे: दसऱ्यास महाराष्ट्रातील नातलगांनी म्हैसुरास यावे, राजवाड्याची रोषणाई आणि साडेसातशे किलोंच्या अंबारीची मिरवणूक पाहावी, म्हैसूरपाकाचे डबे भरून न्यावेत, आणि दिवाळीस म्हैसूरकरांनी तिकडे जाऊन चकल्या व शंकरपाळ्यांच्या रूपाने त्या पाहुणचाराची सव्याज वसुली करावी.

अशा या सुरळीत चाललेल्या देवघेवीत २०२५ सालच्या ऑगस्ट महिन्यात रेल्वे मंत्रालयाने एक नवे फर्मान सोडले. ‘राउंड ट्रिप पॅकेज’ हे त्याचे नाव. सणासुदीची गर्दी विभागली जावी आणि गाड्या दोन्ही दिशांनी भरून धावाव्यात, या हेतूने जाण्याचे व येण्याचे तिकीट एकत्र काढणाऱ्यास परतीच्या मूळ भाड्यात वीस टक्के सूट देण्याचे औदार्य सरकारने दाखविले. आरक्षण १४ ऑगस्टपासून सुरू व्हावयाचे. जाण्याचा प्रवास १३ ते २६ ऑक्टोबर या मुदतीत, आणि परतीचा प्रवास १७ नोव्हेंबर ते १ डिसेंबर या मुदतीत. म्हैसूरचा दसरा त्या वर्षी २ ऑक्टोबरलाच आटोपलेला होता, त्यामुळे इकडे येणाऱ्या पाहुण्यांना या योजनेचा काडीचाही उपयोग नव्हता. परंतु दिवाळी मात्र तिच्या कक्षेत नेमकी सापडली होती, आणि म्हैसुरातील मराठी घराघरांतून कॅलेंडरे भिंतीवरून खाली उतरू लागली.

आता या तारखांकडे वाचकांनी क्षणभर लक्ष द्यावे. अगदी शेवटच्या दिवशी, म्हणजे २६ ऑक्टोबरला निघालेला आणि अगदी पहिल्या दिवशी, म्हणजे १७ नोव्हेंबरला परतणारा प्रवासी झाला तरी या दोहोंमध्ये २२ दिवसांचे अंतर पडते. आणि जो उत्साही पुरुष १३ ऑक्टोबरला निघून १ डिसेंबरला परतण्याचे मनात आणील, त्याचे अंतर भरते ४९ दिवसांचे. भाऊबीज त्या वर्षी २३ ऑक्टोबरला होती. बहिणीने ओवाळले, भावाने ताटात ओवाळणी घातली, आणि नंतर तो भाऊ आपल्या कुटुंबासह आणखी २५ दिवस त्याच घरी राहिला, अशी कथा कोणत्याही पुराणात आढळत नाही. अतिथीस देव मानावे अशी श्रुतीची आज्ञा खरी. परंतु देवदेखील गणेशोत्सवात फार तर दहा दिवस मुक्काम करून विसर्जित होतात, हे ज्याला समजत नाही त्याने पुण्यास पाहुणे म्हणून जाऊ नये.

अशाच एका म्हैसूरकर गृहस्थांनी, सेवानिवृत्त असल्यामुळे वेळ विपुल आणि निवृत्तिवेतनामुळे काटकसर अंगवळणी, अशा दुहेरी योग्यतेच्या बळावर ही योजना स्वीकारण्याचे ठरविले आणि पुण्यातील धाकट्या बहिणीस फोन लावला, अशी आपण कल्पना करू. “दादा, या दिवाळीला येताय ना? आणि या वेळी दोन दिवसांत पळायचं नाही हं, चांगलं राहायचं,” असे ती माउली म्हणते. “राहतोच आहे,” दादा उत्तरतात, “सतरा नोव्हेंबरपर्यंत.” यानंतर फोनमध्ये जी शांतता पसरते, तिचा अर्थ न कळण्याइतके दादा अडाणी नसतात. “बरं, बरं,” असे पलीकडून काही वेळाने ऐकू येते, “ह्यांना विचारून सांगते.” वीस टक्क्यांच्या सवलतीने पन्नास वर्षांच्या बंधुप्रेमाची अशी कसोटी लागावी, हे परिपत्रकाचा मसुदा करणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल.

तथापि मुक्कामाचा प्रश्न कसाबसा सुटला, तरी योजनेच्या उर्वरित अटी आपल्या जागी ठाण मांडून बसलेल्याच असतात. जाणारी आणि येणारी मंडळी तीच असली पाहिजेत. वर्ग तोच असला पाहिजे. ज्या स्थानकापासून ज्या स्थानकापर्यंत जावयाचे, त्याच दोन स्थानकांमध्ये परतावयाचे. दोन्ही तिकिटे निश्चित जागेचीच हवीत. दोन्ही एकाच मार्गाने, म्हणजे संगणकावर तर संगणकावर आणि खिडकीवर तर खिडकीवर काढलेली हवीत. मागणीप्रमाणे भाडे चढत जाणाऱ्या ‘फ्लेक्सी’ भाड्याच्या गाड्या वर्ज्य. दुसरी कोणतीही सवलत, पास किंवा कूपन यांच्याशी या सवलतीचा संकर निषिद्ध. आणि या सर्वांवर कळस म्हणून दोन कलमे अशी की, या तिकिटांत कोणताही बदल होणार नाही, आणि या तिकिटांचे पैसे परत मिळणार नाहीत.

एरवी शब्दांचा फापटपसारा घालण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या सरकारी दप्तराने या शेवटच्या दोन कलमांत जी मितभाषी स्पष्टता साधली आहे, तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. परंतु ही कलमे ज्या समाजाला लागू करावयाची, त्या समाजाचा प्रवास कसा असतो याची कल्पना मसुदा करणाऱ्यास नसावी. मराठी कुटुंब पुण्यास जाण्यासाठी निघते. तेथे पोचल्यावर कोल्हापूरची अंबाबाई स्वप्नात येते. अंबाबाईच्या दर्शनास गेल्यावर मिरजेच्या आत्याबाईंना कळले तर काय वाटेल असा प्रश्न उपस्थित होतो. आत्याबाईंकडे गेल्यावर त्यांनाच पंढरपूरला घेऊन जाण्याची टूम निघते, आणि कार्तिकी एकादशी तोंडावर आलेली असल्यामुळे ती टूम मोडणे हे पातक ठरते. अशा रीतीने पुण्याहून परतावयाची मंडळी चंद्रभागेच्या वाळवंटात उभी असतात, तेथून म्हैसुराची गाडी थेट सुटत असते, आणि खिशातील तिकीट मात्र, पुण्यासच या, असे बजावीत असते.

आणि तीच मंडळी परतली पाहिजेत हा दंडक तर मराठी कौटुंबिक जीवनाच्या मुळावरच घाव घालणारा आहे. गृहस्थ आणि त्यांच्या कुटुंबाने जोडीने जावे. लेकीचे दिवस भरत आलेले पाहून आईने तेथेच राहावे आणि वडिलांनी एकट्याने परतून येथील घराचे कुलूप उघडावे, हा तर आपल्याकडचा सनातन क्रम. शिवाय मुलांच्या शाळेचे गणित वेगळेच. महाराष्ट्रात मोठी सुट्टी दिवाळीची, कर्नाटकात ती दसऱ्याची. त्यामुळे म्हैसुरात शिकणारे चिरंजीव दिवाळीच्या चार दिवसांनंतर पुण्यात आतेभावंडांबरोबर सुट्टीची मजा लुटू लागले, तर इकडे त्यांची गैरहजेरी मांडली जाऊ लागते. अशा चिरंजिवांना सतरा तारखेपर्यंत घरी ठेवून घेण्याची सवड ना शाळेला, ना त्यांच्या आत्याला.

येथे कोणी चतुर वाचक असे विचारील की, आम्हांस जाता आले नाही तर आमच्या नावाचे तिकीट दुसऱ्या कोणास देता येणार नाही काय? सामान्य निश्चित तिकिटाच्या बाबतीत ही मुभा रेल्वेने खरोखरच ठेवलेली आहे. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण पर्यवेक्षकाकडे लेखी अर्ज करावा, आणि आपली जागा एकदाच, आपल्या कुटुंबातील व्यक्तीच्या नावे करून घ्यावी. परंतु कुटुंब म्हणजे कोण, याची जी व्याख्या या नियमात दिली आहे ती वाचण्यासारखी आहे: आई, बाप, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती आणि पत्नी. येथे यादी संपते. मराठी कुटुंबाचा जो दिवाळसणाचा उत्सवमूर्ती, ज्याच्यासाठी सासुरवाडीत पाट-रांगोळी सिद्ध असते, आणि ज्याच्या मुद्रेवरील किंचित नाराजीने सारे घर हादरते, तो जावई रेल्वेच्या लेखी कुटुंबात गणलाच जात नाही. सासूही नाही, सून नाही, मेव्हणा नाही, भाचाही नाही. वऱ्हाड म्हणून एकगठ्ठा प्रवास करणाऱ्यांना मात्र वऱ्हाडप्रमुखाच्या अर्जावरून एकूण संख्येच्या दहा टक्क्यांपर्यंत नावे बदलून घेता येतात. लग्नास निघालेल्या मंडळींपैकी शेकडा दहा माणसे ऐन वेळी रुसणार, हे गृहीत धरणारा नियमकर्ता नि:संशय अनुभवी होता. त्याच्या स्मृतीस अभिवादन करणे उचित. वीस टक्क्यांच्या योजनेत यांपैकी कोणासही, रुसलेल्यास वा न रुसलेल्यास, बदलता येत नव्हते.

आता थोडे गणित करू; कारण सवलतीचा मोह जो केवळ तत्त्वज्ञानाने आवरत नाही, तो कधी कधी त्रैराशिकाने आवरतो. समजा, वातानुकूलित तिसऱ्या वर्गाचे मूळ भाडे प्रत्येक दिशेस १००० रुपये आहे, आणि आरक्षणशुल्क, कर वगैरे किरकोळ रकमा आपण हिशेबातून बाजूस ठेवल्या आहेत. सवलत नसेल तर जाण्यायेण्याचे २००० रुपये पडतात; सवलतीने १८०० पडतात. म्हणजे वीस टक्क्यांचा डिंडिम वाजत असला, तरी तो परतीच्या निम्म्या भागावरच असल्यामुळे एकूण प्रवासावरील बचत दहाच टक्के. आता बेत मोडला असे धरू. १२ नोव्हेंबर २०१५ पासून अमलात आलेल्या आणि त्या दिवाळीस लागू असलेल्या नियमांप्रमाणे सामान्य तिकीट गाडीच्या ४८ तासांपेक्षा आधी रद्द केले, तर या वर्गास माणशी १८० रुपये कापले जात. दोन्ही दिशांचे मिळून ३६० रुपये. सवलतीच्या तिकिटात मात्र सबंध १८०० रुपये जातात. म्हणजे बेत पार पडला तर लाभ २०० रुपयांचा, आणि मोडला तर जादा तोटा १४४० रुपयांचा. आठ दिवाळ्यांपैकी सात वेळा सारे काही ठरल्याप्रमाणे घडून एकदाच बेत मोडला, तरी सात वेळा जमविलेले १४०० रुपये त्या एका वर्षी वाहून जातात, आणि वर चाळीस रुपये पदरचे भरावे लागतात.

या हिशेबावरून या सवलतीचे खरे स्वरूप ध्यानात येते. रेल्वे आपल्यावर दया करीत नसते. ती आपणांपासून एक वस्तू विकत घेत असते, आणि ती वस्तू म्हणजे आपला मन बदलण्याचा हक्क. वीस टक्के ही त्या हक्काची किंमत. तिकीट हे त्याचे खरेदीखत. आणि ज्या वेळी आपण ‘अटी मान्य आहेत’ या चौकटीवर बोट टेकवितो, त्या वेळी त्या खतावर आपली बिनशर्त निशाणी पडलेली असते. व्यवहार सरळ आहे, उघड आहे, आणि दोन्ही पक्षांच्या राजीखुशीचा आहे. गैरसमज होतो तो एवढ्याचसाठी की, विकणारास आपण काही विकतो आहोत याची जाणीवच नसते. तो आपल्या परीने खरेदीला निघालेला असतो.

किंबहुना सामान्य तिकीट रद्द करण्याच्या, त्या दिवाळीस लागू असलेल्या नियमांतही या हक्काचा बाजारभाव तासागणिक नमूद केलेला होता. ४८ तासांपूर्वी मन बदलले तर ठराविक रक्कम. ४८ ते १२ तासांच्या दरम्यान बदलले तर भाड्याचा चौथा हिस्सा. १२ ते ४ तासांच्या दरम्यान निम्मे भाडे. आणि शेवटच्या चार तासांत मन बदलणाऱ्याचे मन रेल्वेच्या दृष्टीने अस्तित्वातच नसे. गाडी जसजशी जवळ येते तसतसे विवेकाचे मूल्य वाढत जाते, हा सिद्धांत आमच्या धर्मग्रंथांनी मृत्यूच्या संदर्भात फार पूर्वीच सांगितलेला आहे. रेल्वेने त्याचे दरपत्रक तयार केले इतकेच. तत्काळ तिकिटाची तऱ्हा याहून निराळी. तेथे प्रवासी जादा शुल्क मोजतो, सकाळी दहाच्या किंवा अकराच्या ठोक्याला देवाचे नाव घेऊन बटणे दाबतो, आणि एवढे करून मिळालेल्या निश्चित जागेवरही परतावा नसतो. म्हणजे कमी पैसे देणाऱ्यास परतावा नाही, आणि जास्त पैसे देणाऱ्यासही नाही. तो लाभ केवळ मध्यममार्गाने जाणाऱ्याचा. भगवान बुद्धांचे वचन रेल्वे बोर्डाने इतक्या निष्ठेने पाळावे, हे कौतुकास्पद आहे.

रेल्वेची प्रत्येक सवलत मात्र पूर्वीपासूनच इतकी करडी होती असे कोणी समजू नये. चक्राकार प्रवासाच्या तिकिटाची जुनी तरतूद आजही नियमपुस्तकात आहे. ज्या स्थानकापासून निघावे तेथेच परत यावे, वाटेत आठपर्यंत मुक्काम करावेत, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जावा, अशी ती उदार योजना. काशी, प्रयाग, गया करणाऱ्या यात्रेकरूंच्या पायांना झेपेल अशा बेताने ती आखलेली दिसते. साध्या लांब पल्ल्याच्या तिकिटावरदेखील पहिले ५०० किलोमीटर ओलांडल्यावर, हजार किलोमीटरपर्यंतच्या प्रवासात एकदा, दोन दिवसांपुरते उतरून राहण्याची मुभा आहे. आत्याबाईंची सोय करणारी एवढी सुंदर तरतूद उपलब्ध असता, तिचे नाव कोणास ठाऊक नसते. आणि आत्याबाईंचा मार्गच बंद करणाऱ्या योजनेची जाहिरात मात्र घरोघर पोचते, हा कलियुगाचा महिमा.

ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीचा इतिहास तर याहून उद्बोधक आहे. साठ वर्षांवरील पुरुषांस चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांस पन्नास टक्के सूट मिळत असे, आणि तिच्यासाठी कोणाही आजोबांना चक्क खरे वय सांगण्यात आनंद वाटे. २०१७ साली रेल्वेने त्यांच्यातील त्यागवृत्तीस आवाहन केले, आणि इच्छा असल्यास ही सवलत संपूर्ण किंवा निम्मी सोडून देण्याचा पर्याय तिकिटाच्या अर्जात ठेवला. पुढे २० मार्च २०२० रोजी, महामारीच्या दिवसांत वृद्धांनी विनाकारण प्रवास करू नये म्हणून, ती सवलत बंद झाली. महामारी गेली, गाड्या पूर्ववत धावू लागल्या, वृद्धही पूर्ववत धावू लागले. परंतु सवलतीने बहुधा एकेरी तिकीट काढले असावे, कारण राउंड ट्रिपची सूट जाहीर झाली तेव्हाही ती परतलेली नव्हती. मधल्या काळात तिकिटाच्या कागदावरच, प्रवासखर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते, असा मजकूर छापून येत असे. उसने पैसे देणाऱ्या आप्ताने दर भेटीत त्याची आठवण करून द्यावी तसा तो मजकूर वाचून, अनेक पापभीरू प्रवासी डब्यात अंग चोरून बसत असल्याचे आम्ही पाहिले आहे.

परदेशांतही हा खरेदी-विक्रीचा व्यवहार चालतोच. इंग्लंडात ‘अॅडव्हान्स’ नावाचे स्वस्त तिकीट ठरलेल्या गाडीखेरीज दुसऱ्या गाडीत चालत नाही. जर्मनीत स्वस्त तिकिटाने प्रवासी विशिष्ट गाडीशी बांधला जातो. परंतु गाडीलाच वीस मिनिटे किंवा अधिक विलंब होणार असेल तर ते बंधन सुटते आणि त्यास वाटेल त्या गाडीने जाता येते. आमच्याकडे रेल्वेच्या विलंबाचा दोष रेल्वेच्या पदरी पडण्यास तीन तासांहून अधिक अवधी लागतो; तेवढी गाडी उशिरा असून प्रवासी गेलाच नाही, तर सामान्य तिकिटाचे पूर्ण पैसे परत मागता येतात. वीस मिनिटे आणि तीन तास यांतील हा फरक दोन राष्ट्रांच्या वक्तशीरपणाचा नसून त्यांच्या सहनशीलतेचा आहे, असे मानून आपण अभिमान बाळगावा.

म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात, जे १९७९ साली स्थापन झाले, महाराणींचा एक सुशोभित सलून डबा जतन करून ठेवलेला आहे. त्याच्या काचेतून आतील आसने व न्हाणीघर पाहताना मनात येते की, त्या काळी महाराणीसाहेबांचा बेत बदलला तर गाडीचा बेत बदलत असे. आज प्रजासत्ताक आहे, आणि सार्वभौमत्व जनतेकडे आलेले आहे. मात्र ते एकेका प्रवाशाच्या वाट्यास किती आले, हे रद्द केलेल्या तिकिटाच्या परताव्यावरून कळते. कर्नाटकात राहणाऱ्या माणसाच्या कानांवर दिवसातून दहा वेळा ‘स्वल्प अडजस्ट माडी’, म्हणजे ‘थोडे जमवून घ्या’, ही विनंती पडते, आणि याच मंत्रावर येथील बसगाड्या, लग्नसमारंभ आणि राज्यकारभार व्यवस्थित चाललेला असतो; हा मंत्र जेथे चालत नाही असे राज्यातील एकमेव स्थळ म्हणजे सवलतीच्या तिकिटाचे नियम.

न्यायाच्या दृष्टीने रेल्वेची बाजूही सांगितली पाहिजे. सणाला गाड्या एका दिशेने दुथडी भरून जातात आणि उलट दिशेने रित्या येतात. रिकाम्या धावणाऱ्या डब्यालाही इंजिन, वीज आणि चालक तेवढेच लागतात. पंधरवड्यात गेलेला लोंढा महिन्याभराने ठराविक दिवसांत परत येणार हे निश्चित कळले, तर डब्यांची आणि जादा गाड्यांची आखणी करता येते. आणि ही निश्चिती मोडता येऊ नये म्हणून परतावा व बदल यांस मनाई. घरापासून दूर राबणारा कामगार वर्षातून एकदाच गावी जातो, दिवाळी आणि छठ गावी करतो, शेतीची चार कामे उरकतो आणि महिन्याने परततो. त्याच्या आयुष्याला या तारखा बेतून शिवल्यासारख्या बसतात, आणि त्याचे दोनशे रुपये वाचावेत यासारखी दुसरी चांगली गोष्ट नाही. योजना वाईट नव्हती. ती दुसऱ्याच्या मापाची होती, आणि आम्ही नोकरदार मंडळी केवळ स्वस्त आहे म्हणून ती अंगात चढविण्याचा प्रयत्न करीत होतो.

म्हणून वाचकांस नम्र विनंती एवढीच आहे की, यापुढे कोणत्याही सणाला अशी योजना पुन्हा जाहीर झाली, तर तिचे परिपत्रक शेवटच्या ओळीपासून आरंभ करून वर वाचीत जावे. कारण सवलत पहिल्या ओळीत असते आणि किंमत शेवटच्या. परतीची तारीख ठरविण्यापूर्वी यजमानांस विचारावे, यजमानीणबाईंस त्याहून आधी विचारावे, आणि घरात सून, जावई, लेकीचे बाळंतपण, मुलांची शाळा किंवा आत्याबाई यांपैकी काहीही असेल, तर आपला बेत आठांतून एकदा तरी मोडणार असे धरून चालावे. ज्यांच्या घरी यांपैकी काहीच नसेल त्यांनी वीस टक्के बेलाशक घ्यावेत. बाकीच्यांनी पूर्ण भाडे भरावे. तेच स्वस्त पडते.